नाकातली नळी: 'आवाज आला' म्हणजे पोटात गेली असं नाही

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. नाकातून पोटात जाणाऱ्या त्या नळीला राईस ट्यूब म्हणत नाहीत, राईल्स ट्यूब म्हणतात. राईल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९२१ मध्ये ती वापरात आणली, म्हणून ते नाव, तांदळाशी तिचा काही संबंध नाही. गंमत म्हणून नाही सांगत. 'राईस ट्यूब हाय म्हणून आम्ही नुसती भाताची पेजच टाकायलो होतो' असं सांगणारे नातेवाईक वर्षाकाठी मला दोन-चार भेटतातच आणि त्यांचा पेशंट तोवर वाळून काडी झालेला असतो.

मी अतिदक्षता विभागात काम करते. नळीबद्दलचे तेच तेच प्रश्न परत परत यायलेत, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून एकमेकांना दिलेले सल्ले पण फार फिरायलेत, म्हणून यावेळी सगळे एकत्रच घेते. इथली उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या पेशंटची फाईल माझ्यासमोर नाही, त्यामुळं शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

प्रश्न (सेलू): माझ्या वडिलांना पॅरालिसिस झालाय. रात्री त्यांनी नाकातली नळी ओढून काढली. सिस्टरनं लगेच दुसरी घातली, सिरिंजनं हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावला, 'आवाज आला, बरोबर आहे' म्हणाल्या. सकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले एक्सरे काढल्याशिवाय फीड द्यायचं नाही. चार तास वडील उपाशी राहिले. आवाज आला होता तर परत एक्सरे कशाला? बिल वाढवायचा धंदा नाही का हा?

नाही. बिल वाढवायचे धंदे असतात, मला माहीत नाहीत असं नाही, पुढं एका उत्तरात त्यावर बोलणार पण आहे. पण हा एक्सरे त्यातला नाही. उलट त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

आता जरा बसून वाचा, कारण माझं सगळ्यात जास्त डोकं ह्याच विषयावर उठतं.

घशाच्या मागं दोन रस्ते शेजारी शेजारी आहेत, एक अन्ननलिका आणि एक श्वासनलिका. नळी घालणाऱ्याला आत दिसत काहीच नाही, सगळा अंदाजाचा कारभार. धडधाकट माणसाच्या श्वासनलिकेत नळी गेली तर तो असा खोकतो की वॉर्ड जागा होतो. पण नळी लागते कुणाला? पॅरालिसिसवाल्याला, बेशुद्धाला, औषधानं झोपवलेल्याला, मेंदूला मार लागलेल्याला, फवारणीचं औषध पोटात गेलेल्याला. ह्यांचा ठसका मेलेला असतो. त्यामुळं नळी चुकीच्या रस्त्यानं गेली तरी माणूस गुपचूप पडून राहतो आणि सगळ्यांना वाटतं 'किती छान गेली, काही त्रासच दिला नाही'. अशा आंधळेपणानं घातलेल्या नळ्यांपैकी शंभरात एक ते तीन श्वासाच्या रस्त्याला लागतात. आकडा छोटा वाटतो, पण एखाद्या मोठ्या वॉर्डात महिन्याला किती नळ्या पडतात ते मोजा म्हणजे कळेल.

आणि तो आवाज. हवा फुफ्फुसात मारली, अन्ननलिकेत मारली, पोटात मारली, स्टेथोस्कोप पोटावर ठेवला की घुर्रर्र सगळीकडून ऐकू येतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये काय भिंत नाही, पातळसा पडदा आहे, आवाज आरपार जातो. ब्रिटनमध्ये २००५ सालीच तिथल्या रुग्णसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं सगळ्या हॉस्पिटलांना कळवलं होतं की ही आवाजाची तपासणी बंद करा. आणि चुकीच्या जागच्या नळीतून फीड देणं हे तिथं 'नेव्हर इव्हेंट' मध्ये, म्हणजे कधीच घडता कामा नये अशा घटनांच्या यादीत आहे. आपल्याकडं वीस वर्षांनंतर पण स्टेथोस्कोप पोटावर ठेवला की सगळे निवांत.

मी का चिडते ते सांगते. मी रेसिडेंट होते तेव्हाची गोष्ट, हॉस्पिटल कुठलं ते सोडा. पहाटे तीनला कॉल आला, पॅरालिसिसच्या एका आजोबांनी नळी काढून टाकलेली. मी नवी घातली. खोकले नाहीत, चेहरा पण वाकडा केला नाही. हवा मारली, आवाज आला, फाईलवर लिहिलं 'आरटी (म्हणजे राईल्स ट्यूब) घातली, पोझिशन बरोबर' आणि जाऊन झोपले. सहाचं फीड गेलं, दोनशे एमएल. साडेसातला आजोबांचा श्वास वर लागला, ओठ निळे पडायला लागले. एक्सरे काढला, फिल्म अजून ओलीच होती, सरांनी ती खिडकीकडं धरली आणि एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं. पांढरी रेघ सरळ श्वासनलिकेतून खाली, मग उजवीकडं, आणि पार उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी. उजवा फाटा जास्त सरळ आणि रुंद असतो, नळी बहुतेक वेळा तिकडंच घसरते. आजोबा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. वाचले. त्यांची सून मला 'मॅडम, रात्रभर जाग्या आहात' म्हणून चहा घेऊन आली, तिला काही माहीतच नव्हतं. सरांनी मला स्वतः जाऊन तिला सांगायला लावलं. तो चहा मी प्यायले नाही.

तर मग करायचं काय? नळी घातली की सिरिंजनं नळीतून आतलं थोडं पाणी ओढायचं आणि पीएच पट्टीवर, म्हणजे ॲसिड मोजायच्या कागदावर, टाकायचं. ५.५ किंवा त्याच्या खाली आलं तर ते पोटातलं ॲसिड. लिटमस कागद चालत नाही, आकडा दाखवणारी पट्टी लागते. आता अडचण अशी की आपल्याकडं ॲडमिट झालेल्या प्रत्येकाला ॲसिडिटीचं इंजेक्शन चालूच असतं, लागत असो नसो, त्यामुळं ॲसिड कमी होऊन आकडा वर येतो, किंवा मग पाणी ओढलंच जात नाही. अशा वेळी एक्सरे, त्याला पर्याय नाही. आणि एक्सरे नुसता काढून भागत नाही, तो बघणाऱ्यानं नीट बघायला लागतो: नळी छातीच्या मधोमध सरळ खाली आली का, श्वासनलिका जिथं दोन फाट्यांत फुटते तिथं ती कुठल्या फाट्याला न लागता पुढं गेली का, पडद्याच्या खाली उतरून डावीकडं वळली का. आणि हा एक्सरे *ह्या* नळीचा आहे का, कालच्या नळीचा नाही ना. हसू नका, कालची फिल्म बघून आजचं फीड चालू झालेलं मी बघितलंय.

नळीचं तोंड पाण्याच्या वाटीत धरून बुडबुडे येतात का बघायचं, हा आणखी एक जुना प्रकार. तो पण सोडा.

एक्सरे रोज लागत नाही. एकदा जागा पक्की झाली की नाकपुडीपाशी नळीवर जी खूण येते ती लिहून ठेवतात आणि दर फीडच्या आधी ती खूण हलली का, चिकटपट्टी सुटली का, तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं तर पडलं नाही ना, हे बघतात. हे तुम्ही नातेवाईक पण बघू शकता, त्याला डिग्री लागत नाही. खूण हलली, मोठी उलटी झाली, जोराचा खोकला आला, पेशंटला सीटी स्कॅनला नेऊन आणलं, की परत खात्री. ती होईपर्यंत पाण्याचा घोट पण नाही. तुमचे वडील चार तास उपाशी राहिले म्हणता, चार तासांनी काही बिघडलं नसेल. शुगरचं इन्सुलिन चालू असेल तर मात्र फीड थांबलंय हे सिस्टरला आठवण करून द्या, इन्सुलिन चालू आणि फीड बंद, ह्यात शुगर खाली येऊन दुसरीच भानगड होते.

प्रश्न (औसा): भावाचा फटफटीवरून पडून ॲक्सिडेंट झाला, तोंडाला खूप मार आहे. डॉक्टरांनी नळी नाकातून न घालता तोंडातून घातली. त्यांना नाकातून जमत नाही का?

उलट चांगलं जमतंय म्हणून तोंडातून घातली. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल तर नाकातून घातलेली नळी वर मेंदूकडं जाऊ शकते. बाकी त्यांनाच विचारा, सांगतील.

प्रश्न (उदगीर): फीड देताना पेशंटला झोपवूनच ठेवायचं का बसवायचं?

पाठ ३० ते ४५ अंश वर. फीडच्या वेळी आणि नंतर अर्धा ते एक तास. मानेखाली दोन उशा कोंबून हनुवटी छातीला टेकवली म्हणजे पाठ वर झाली असं होत नाही, कमरेपासून वर करा. पाठीच्या मणक्याला मार असेल किंवा बीपी खाली असेल तर आपल्या मनानं काही करू नका, आधी विचारा. आणि मध्येच अंग पुसायला किंवा चादर बदलायला पेशंट आडवा करायचा असेल तर फीड तेवढा वेळ बंद.

प्रश्न (कळंब): नाकात नळी आहे म्हणजे आता ठसक्याची भीती नाही ना? आम्ही तोंडानं चमचाभर तीर्थ दिलं तर चालेल का?

दोन्हीला नाही. नळी अन्न पोचवते, ठसका थांबवत नाही. तोंडातली लाळ, वर आलेलं पोटातलं, सगळं तरीपण श्वासात जाऊ शकतं, म्हणून तर दिवसातून दोन-तीनदा तोंड स्वच्छ करायला सांगतो आणि ते कुणी करत नाही. तीर्थ कपाळाला लावा. मनाला फारच लागलं असेल तर कापसाचा बोळा ओला करून ओठाला लावायला सिस्टरला विचारा, त्या पेशंटचं गिळणं बघून सांगतील.

प्रश्न (माजलगाव): सासूबाईंना आठ-नऊ गोळ्या आहेत. आम्ही सगळ्या एकदम खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून नळीतून देतो. त्यात फिटची गोळी पण आहे. तरी परवा फिट आली. गोळी डुप्लिकेट असेल का?

डुप्लिकेटचा संशय घ्यायच्या आधी खलबत्त्याकडं बघा.

सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात. स्ट्रिपवर नावापुढं एसआर, एक्सएल, सीआर, ईआर असं काही लिहिलं असेल तर ती गोळी दिवसभर थोडी थोडी सुटावी म्हणून बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एका झटक्यात अंगात. बीपीची अशी गोळी कुटून दिली आणि पेशंटचं बीपी तासाभरात जमिनीला, हे नवीन नाही. दुसऱ्या काही गोळ्यांवर पोटातलं ॲसिड लागू नये म्हणून लेप असतो, ॲसिडिटीची पँटोप्राझोल त्यातलीच, ती कुटली की ॲसिडच तिला खाऊन टाकतं. मग दिली काय, न दिली काय.

फिटच्या गोळ्यांमध्ये फेनिटॉइन असेल तर ते नळीच्या फीडबरोबर नीट शोषलं जात नाही. बहुतेक डॉक्टर आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवायला सांगतात आणि रक्तातली पातळी तपासतात. पण तुम्ही हे वाचून उद्यापासून स्वतःच वेळा बदलू नका. आजच्या आज सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांकडं न्या, ह्यातली कुठली कुटायची, कुठलीचं सिरप मिळतं, कुठली बंदच करता येईल हे एकेक करून विचारा. थायरॉईडची गोळी असेल तर तिचं पण विचारा, फीडसोबत तिचं असंच होतं. आणि फिट आली होती हे परवाच सांगायला पाहिजे होतं, दोन दिवस कशाची वाट बघितली?

एकेक औषध वेगळं, बारीक पूड करून, पाण्यात विरघळवून. आधी पाणी, मग औषध, मग पाणी, मग पुढचं औषध. साधारण १५ ते ३० एमएल पाणी, किडनीचा किंवा हार्टचा पेशंट असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

प्रश्न (परतूर): नळी चोक झाली तर कोल्ड्रिंक मारल्यावर मोकळी होते असं शेजारच्या बेडवाल्यांनी सांगितलं. खरं का?

खोटं. ॲसिडनं दूध-प्रोटीन फाटतं आणि गाठ आणखी घट्ट बसते. कोमट पाणी, मोठी सिरिंज, हळूहळू पुढं-मागं. नाही निघालं तर नळी बदलायची. छोट्या सिरिंजनं जोर लावू नका, नळी फुटते. तार तर चुकूनसुद्धा घालू नका, आणि हे लिहायची वेळ का आली ते विचारू नका.

प्रश्न (गंगाखेड): डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरून पावडरचे सहा डबे घ्यायला लावले, 'हेच द्या, घरचं काही टाकू नका' म्हणाले. परवडत नाही म्हणून आम्ही सांगितल्याच्या निम्मी पावडर घालून पातळ करतो आणि मधून मधून वरणाचं पाणी, नारळपाणी देतो. चालेल ना?

हे ते उत्तर, धंद्यावरचं.

पावडर वाईट नाही. बऱ्याच पेशंटला ती लागतेच, प्रमाण ठरलेलं असतं, नळीत अडकत नाही. राग येतो तो सहा डबे एकदम गळ्यात मारण्याचा आणि 'डायबेटिक स्पेशल', 'हाय प्रोटीन', 'आयसीयू फॉर्म्युला' असल्या सोनेरी अक्षरांचा. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात शंभर ग्रॅममध्ये कॅलरी किती, प्रोटीन किती, साखर किती हे लिहिलेलं असतं. ते वाचा. पुढच्या बाजूला कधी कधी नुसत्या गप्पा असतात. आणि डबे एकेक घ्या, पेशंटला जुलाब लागले तर उरलेले पाच परत कोण घेणार?

पण निम्मी पावडर घालणं म्हणजे पेशंटला निम्मं उपाशी ठेवणं. मोठ्या माणसाला साधारण वजनाच्या किलोमागं २५ ते ३० कॅलरी लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला बाराशे-पंधराशे. तुम्ही सहाशे-सातशे देताय आणि वरून पाणीच पाणी, त्यानं रक्तातलं सोडियम पण खाली येऊ शकतं. मग पेशंट गुंगीत जातो आणि घरचे म्हणतात 'झोपायलेत बिचारे'.

वरणाचं पाणी ही आपली मराठवाड्याची जुनी समजूत. डाळ शिजवायची, गाळायची, वरचं पिवळं पाणी नळीत आणि खालची डाळ घरच्यांच्या ताटात. सगळं प्रोटीन गाळणीत राहिलं की हो! द्यायची तर डाळ घोटून, मिक्सरला लावून, बारीक गाळून द्या. ज्वारीची आंबील घरातल्यांना चांगली, नळीत मात्र ती गार होता होता घट्ट होते आणि मग कोल्ड्रिंकचे सल्ले चालू होतात. नारळपाण्यात पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटला विचारल्याशिवाय नकोच.

घरचं फीड देता येतं, डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ असतात, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, संभाजीनगरची घाटी, जे जवळ पडेल तिथं जा आणि परवडत नाही असं तोंडानं स्पष्ट सांगा. लाजून निम्मी पावडर घालण्यापेक्षा ते बरं. ज्वारी, मूग, दूध, अंडं, तेल ह्यातून वजनाच्या हिशेबानं ते लिहून देतील. फक्त एक नियम लोखंडी आहे: कालवलेलं किंवा शिजवलेलं फीड बाहेर चार तासांच्या वर ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये चोवीस तासांच्या वर नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा त्रेचाळीसला टेकलेला, दुपारभर लाईट गेलेली, तेव्हा तो फ्रीज म्हणजे नुसतं कपाट, तेव्हा चार तास पण जास्तच. ताजं करा, थोडं करा. सिरिंज आणि वाटी गरम पाण्यानं धुवा, पदरानं पुसू नका.

प्रश्न (किनवट): माझे मामा दारूमुळे आणि नंतर अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे तीन आठवडे जवळपास उपाशी होते, ३८ किलो वजन उरलंय. आता नळी घातली तर डॉक्टर दिवसाला अगदी थोडंसं फीड द्यायलेत. मामी रडायलीय, 'माणूस भुकेनं मरायलाय आणि हे मोजून मोजून द्यायलेत'. आम्ही रात्री गुपचूप ग्लुकोज पावडरचं पाणी नळीतून दिलं तर?

देऊ नका. दिलं असेल तर हे वाचणं बंद करा आणि आत्ता सिस्टरला सांगा, रागवतील, रागवू द्या.

बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर दिलं तर तो मरू शकतो. ऐकायला उलटं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपूर खायला घातलं आणि त्यातले काही खाऊन मेले, तेव्हापासून डॉक्टरांना हे माहीत आहे. उपाशी शरीर चरबीवर चालायला शिकलेलं असतं. एकदम साखर आली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचून घेतं. शरीरात ह्यांचा साठा आधीच संपलेला. मग हार्टचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू ढिले पडतात, अंगावर सूज येते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि नेमकं त्याच दिवसांत घरच्यांना 'आता जरा तरतरी आली, अजून देऊ' असं वाटतं.

म्हणून अशा पेशंटला किलोमागं दहा कॅलरीपासून चालू करतात, फारच वाळलेला असेल तर पाचपासून. मामांच्या ३८ किलोला ते दिवसाला चारशेच्या आतच येतं, त्या मोजून देण्याचा अर्थ हा. त्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, दारू पिणाऱ्याला तर हमखास, आणि रोज रक्त तपासून हळूहळू वाढवतात. तुम्ही डॉक्टरांना एकच विचारा, 'फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलंय का, परत कधी तपासणार?' हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मामीला माझ्याकडून सांगा की त्यांना उपाशी ठेवलेलं नाही, वर काढायलेत.

प्रश्न (वसमत): आईला सलाईन, मानेत एक नळी, नाकात एक, लघवीची एक. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडं होत्या म्हणून मीच फीडची सिरिंज जोडली, मग लक्षात आलं की नेमकी कुठं जोडतोय ते बघितलंच नाही. नशिबानं नाकातलीच होती.

नशीब होतं. शिरेत फीड गेलं की माणूस हातचा जाऊ शकतो, असे मृत्यू जगभर झालेत. त्यामुळंच फीडची जोडणी सलाईनला बसूच नये असं वेगळ्या मापाचं तोंड बाहेरच्या देशांत आणलं गेलं, आपल्याकडं ते अजून सगळीकडं दिसत नाही. फीड देण्याआधी नळी हातात धरून नाकापर्यंत बोट फिरवत न्या, प्रत्येक वेळी, दिवसाउजेडी पण. फीडची सिरिंज मोठ्या तोंडाची, ती बसत नाही म्हणून दुसरी शोधू नका, बसत नाही म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात. आणि हॉस्पिटलात असेपर्यंत फीड हे सिस्टरचं काम. घरी न्यायच्या आधी शिकून घ्या, त्यांच्यासमोर दोन-तीनदा करून दाखवा.

प्रश्न (भोकरदन): नळी ओढू नये म्हणून वडिलांचे हात कॉटला बांधलेत. बघवत नाही.

बांधणं हा शेवटचा उपाय असायला पाहिजे, पहिला नाही. हाताला जाड कापडी मोजे घालता येतात, चिकटपट्टी बदलून नाकाला टोचणं कमी करता येतं, तुमच्यातलं एक माणूस हात धरून बसू शकतं. माणूस नळी ओढतो कारण ती खुपते, किंवा त्याला लघवी तुंबलीय आणि सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारा की बांधायची ऑर्डर लिहिलेली आहे का आणि दर किती वेळानं सोडून बघतात. नाकपुडीच्या कडेला लाल झालंय का ते पण रोज बघा, तिथं जखम होते.

प्रश्न (तुळजापूर): आजी ८८ वर्षांची, बऱ्याच वर्षांचा स्मृतिभ्रंश, आता कुणाला ओळखत नाही आणि घास तोंडात धरून बसते. अर्धं घर म्हणतंय नळी घाला, अर्धं म्हणतंय नको.

ह्याचं उत्तर दोन ओळीत देता येत नाही आणि मी तुमच्या आजीला बघितलेलं नाही. एवढं सांगते की स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही, अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर अशा वेळी नळीपेक्षा हातानं हळूहळू भरवण्याचा सल्ला दिलाय. बसवून, छोटे घास, मऊ खिचडी, दही-भात, खाल्लं तेवढं खाल्लं. पण आधी डॉक्टरांकडून बघून घ्या की न खाण्याचं दुसरं कारण तर नाही ना: तोंड आलंय, दात दुखतोय, लघवीत इन्फेक्शन, नवीन सुरू झालेली गोळी. कधी कधी कवळीच टोचत असते. मग घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून डॉक्टरांसमोर बोला, आजीनं पूर्वी कधी काही बोलून ठेवलं असेल तर ते पण सांगा. नळी नाही घातली म्हणजे उपाशी मारलं, असं पाव्हणेरावळे म्हणतील. ते भरवायला बसत नाहीत, तुम्ही बसता.

प्रश्न (जिंतूर): फीड दिल्यापासून काकांना धाप लागायलीय, खोकल्यात पांढरं पांढरं येतंय. सकाळच्या राऊंडला सांगू का?

आत्ता सांगा. फीड बंद, पाठ वर, सिस्टरला हाक. घरी असाल तर १०८ ला फोन.

प्रश्न (धर्माबाद): वडिलांना पोटातून नळी टाकून आठ दिवस झाले. काल रात्री ती निघून आली. भोक अजून उघडं दिसतंय. धुवून परत घातली तर चालेल का?

नाही. पोटातून घातलेल्या नळीचा रस्ता पक्का व्हायला दोन ते चार आठवडे तरी लागतात. त्याच्या आत निघाली तर जठर पोटाच्या भिंतीपासून सुटून आत सरकलेलं असतं, तुम्ही घातलेली नळी पोटाच्या पोकळीत जाते आणि फीड तिथं सांडतं. काही देऊ नका, वर स्वच्छ कापड ठेवा आणि जिथं टाकली तिथं घेऊन जा, नळी पण सोबत न्या. 'काल रात्री' लिहिलंय, म्हणजे एक रात्र आधीच गेलीय. मी हे उत्तर तुम्हाला फोनवर वेगळं कळवलंय, इथं बाकीच्यांसाठी टाकलं.

प्रश्न (अहमदपूर): एकच नळी किती दिवस ठेवायची? आमची दोन महिने झाले तीच आहे.

साधी पीव्हीसीची असेल तर फार झाले, ती आठ-दहा दिवसांत कडक व्हायला लागते. पाकिटावर दिवस लिहिलेले असतात, पाकीट टाकून दिलं असेल तर उद्या नळीसकट पेशंट दाखवा. महिन्याच्या वर नळी लागणार असेल तर पोटातून टाकायच्या नळीबद्दल पण विचारा. बदलल्यावर एक्सरे.